उभ्यानं पाहिलेला युरोप

आमच्या घरमालकांनी सगळा युरोप पाहिला तो तोंडात घास धरून. हे मी निंदेनं सांगत नाही, पुराव्यानिशी सांगते. त्यांच्या लिव्हिंग रूमच्या भिंतीवर प्रवासाचे फोटो ओळीनं लावलेले होते आणि प्रत्येक फोटोत त्यांचा एक गाल फुगलेला होता. मागं पूल असो, मनोरा असो की राजवाडा, पुढं हा गाल. घरात नवा माणूस आला की काका त्याला भिंतीपाशी नेत आणि बोट ठेवून सांगत, "हे पॅरिस. गूळपोळी होती. हे ॲमस्टरडॅम, तिखटमिठाच्या पुऱ्या. अन् हे बुडापेस्ट." इथं ते जरा थांबत. "बुडापेस्टले चटणी सांडली होती." बुडापेस्टचा इतिहास संपला.

काकू एकाही फोटोत नव्हत्या. फोटो त्याच काढत. एका फोटोच्या कोपऱ्यात मात्र त्यांचा खांदा आणि खांद्यावरची खाण्याची पिशवी आली होती.

एडमंटनला आम्ही नवीन आलो तेव्हा मी आणि माझा नवरा त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. काका मूळचे वर्ध्याकडचे. उभं आयुष्य कॅनडात गेलं, मुलगी टोरांटोला नोकरी करायला लागली, पण बोली वर्ध्याहून हलली नव्हती. मला त्यांनी पहिल्याच दिवशी लेक मानलं आणि नवऱ्याला जावई. जावयाकडून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून घ्यायची पद्धत वर्ध्याला खरोखर आहे का, हे नवऱ्यानं मला त्या हिवाळ्यात अनेकदा विचारलं.

निवृत्त होईपर्यंत काका रस्त्यावरच्या सिग्नलचं काम पाहत. कुठला दिवा किती वेळ हिरवा ठेवायचा हे ठरवण्यात ज्याची हयात गेली, त्याला जगात दोनच गोष्टी दिसतात, वाहतूक आणि अडथळा. खुर्ची हा अडथळा. आणि हॉटेलात जाऊन खुर्चीत बसणं म्हणजे भर चौकात ट्रक बंद पाडणं.

"देश पाहाले पाय लागतात, पोरी. बूड नाही लागत," ते म्हणत. "खुर्ची आली का खर्च आला, अन् त्याच्याहून वाईट म्हणजे दुपार गेली."

घरातही तोच कायदा. सहा खुर्च्यांचं चांगलं ओकचं डायनिंग टेबल होतं, पण त्यावर वर्षभर हिवाळी जाकिटं, हातमोजे आणि ग्रोसरीच्या जाहिराती जेवायला बसलेल्या असत. काका ताट हातात घेऊन किचनपासून पुढच्या खिडकीपर्यंत फेऱ्या मारत जेवत. त्यामुळं काकूंना वाढणं म्हणजे चालत्या गाडीत सामान टाकण्यासारखं होई. पोळी घेऊन त्या वळणावर उभ्या राहत आणि काका जवळून गेले की नेम धरून ताटात टाकत. नेम कधी चुकला नाही. काका खिडकीपाशी असले की त्या स्वतःचा एखादा घास काउंटरपाशी खाऊन घेत.

प्रवासात काय न्यायचं याचे नियम कडक होते. पदार्थ एका हातात मावला पाहिजे. टपकता कामा नये, सांडता कामा नये, आणि शेजारी बसलेल्या गोऱ्या बाईनं नाक मुरडता कामा नये. बटाट्याची भाजी पहिल्याच फेरीत बाद झालेली. लसणाची चटणी शेवटच्या नियमात अडकली. पास झालेली थोर मंडळी म्हणजे दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, आत शेंगदाण्याची कोरडी चटणी पसरून घट्ट गुंडाळलेल्या, गूळपोळ्या, आणि झिपच्या पिशवीतले दडपे पोहे. हे पोहे काकू गाडीत बसल्या बसल्या भिजवत. दोन बोगद्यांच्या मध्ये मुरत आणि पुढच्या स्टेशनाला खायला तयार होत.

इटलीला जाऊन आल्यावर काका कितीतरी दिवस हवेत होते. तिथं उभ्यानं कॉफी प्यायली तर स्वस्त आणि टेबलाशी बसून प्यायली तर महाग, असा भाव त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. "पाहा," ते मला सांगत, "आपण बोलत होतो, त्यांनी दरपत्रकात लावलं. मोठे लोक आहेत बाप्पा." त्यानंतर इटलीबद्दल त्यांनी वाईट शब्द ऐकून घेतला नाही. इटलीतली चित्रं कशी होती असं विचारलं तर म्हणाले, "होती ना. डाव्या हाताले होती."

एका शनिवारी बेसमेंटमध्ये मी वॉशिंग मशिनपाशी उभी होते. मशिन दोन्ही घरांत मिळून एकच. काकू जिना उतरून आल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्याआधी मे महिन्यात काकांनी युरोपचा आणखी एक दौरा आखला होता. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर बरंच काही कबूल केलं होतं, पण काकांच्या चालीनं चालणं त्यात नव्हतं.

"तुम्ही दोघं चला आमच्याबरोबर," काकू म्हणाल्या.

"काकू, आम्हाला बसून जेवायची सवय आहे."

"म्हणूनच म्हणते." त्यांनी ओले कपडे ड्रायरमध्ये टाकले, दार लावलं आणि त्याला टेकून उभ्या राहिल्या. "एवढे देश झाले. प्रत्येक देशात मी पहाटे उठून दशम्या गुंडाळल्या आणि दिवसभर काढून काढून दिल्या. मला चर्च नको, म्युझियम नको. एकदा, फक्त एकदा, तिथल्या खुर्चीत बसायचंय आणि कुणीतरी आणून वाढलेलं आयतं ताट जेवायचंय. ह्या वेळी नाही झालं तर नाहीच."

"मग काकांना सांगा ना."

"सांगितलं की. ते म्हणतात, पुढच्या गावाला."

आम्ही जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, जावई म्हणून इतका बर्फ उपसला आहे, आता निदान सासूबाईंच्या बाजूनं तरी उभा राहतो. उभा हा शब्द त्यानं जपून वापरायला हवा होता. कारण दुसऱ्याच रविवारी काकांनी आमची तालीम लावली.

एडमंटनच्या डाउनटाउनमध्ये इमारती आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत. बाहेर डोळ्यांच्या पापण्या गोठत असल्या तरी माणूस जाकीट काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू शकतो. रविवारी तिथं शुकशुकाट असतो. काकांनी आम्हा दोघांच्या पाठीवर भरलेल्या सॅक दिल्या, हातात एकेक दशमी दिली आणि स्वतः पुढं झाले.

"चावताना खाली नाही पाहायचं. समोर पाहायचं. समोर काय आहे समजा? किल्ला आहे. किल्ला पाहून राहिलो आपण. जावईबापू, घास मोठा घेतला तुम्ही, आता कोणी रस्ता विचारला तर काय सांगाल?"

"मला कोण रस्ता विचारणार, काका?" नवरा भरल्या तोंडानं म्हणाला आणि चटणीचा एक ढग एडमंटनच्या गालिच्यावर उतरला.

काका थांबले. चटणीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "बुडापेस्ट," ते इतकंच म्हणाले.

दौरा प्रागपासून सुरू झाला. त्याचं वर्णन मला करता येणार नाही, कारण वर्णन करण्याइतका वेळ आम्ही तिथं थांबलोच नाही. सकाळी एका पुलावरून गेलो, पुलावर बरेच पुतळे होते आणि मी पोहे खात होते. व्हिएन्नाला एका बागेत बाक दिसला आणि नवरा त्यावर बसला, तर काका परत मागं आले आणि त्याच्या तब्येतीची इतक्या काळजीनं चौकशी केली की त्याला लाजेनं उठावं लागलं. कॉफीहाउसच्या काचेपलीकडं माणसं केक खात वर्तमानपत्रं वाचत बसली होती. काकू चालता चालता तिथं मंद झाल्या.

"अहो, इथं बसू या का जरा?"

"इथं गर्दी आहे ना. पुढच्या गावाले बसू. तिथं मोकळं राहते."

काकूंनी पिशवीतून गूळपोळी काढून त्यांना दिली. नंतर मला हळूच म्हणाल्या, "पुढचं गाव म्हणजे काय ते मला कळलंय. एडमंटन."

रविवारी आम्ही स्लोव्हेनियाकडं निघालो. वाटेत ऑस्ट्रियातल्याच एका लहानशा जंक्शनला गाडी बदलायची होती. फलाटावर सायकलवाल्या मंडळींची ही झुंबड. ती पाहिली आणि काकांच्या अंगात सिग्नल खात्याच्याही आधीचा माणूस जागा झाला. तो माणूस वर्ध्याच्या एसटी स्टँडवर वाढला होता. तिथं बस थांबायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि तो रुमाल सगळे मानतात. इथं खिडक्या उघडत नव्हत्या. काका दारातून सगळ्यांच्या आधी आत घुसले. आम्ही काचेतून पाहत होतो. एका सीटवर त्यांनी मफलर ठेवला, दुसरीवर टोपी, तिसरीवर पाण्याची बाटली, आणि सर्वांत चांगल्या, खिडकीजवळच्या सीटवर काकूंची खाण्याची पिशवी. मग समाधानानं चारी जागांकडं पाहिलं.

तेवढ्यात त्यांना काकू दिसल्या. डब्याची पायरी उंच होती आणि काकूंचा गुडघा वर येत नव्हता. मी एक हात धरला होता, नवऱ्यानं सॅक धरली होती. काका धावत खाली आले, म्हणाले, "थांब, घाई नको करू, माझ्या खांद्यावर हात ठेव." त्यांच्या तोंडून घाई नको हे शब्द ऐकून आम्ही तिघंही थबकलो. त्या थबकण्यात दारं मिटली.

एसटी असती तर दार बडवून थांबवली असती. ही गाडी कुणाचं ऐकणारी नव्हती. ती सुटली, आणि मफलर, टोपी, बाटली आणि पिशवी अशा आमच्या चार वस्तू ऐसपैस बसून स्लोव्हेनियाला निघून गेल्या. आम्ही चौघं फलाटावर उभे.

"पासपोर्ट?" नवऱ्यानं विचारलं.

"कमरेले आहेत," काका म्हणाले. "सगळं आहे." मग त्यांच्या लक्षात आलं काय नाही ते. "दशम्या गेल्या."

पुढची गाडी दुपारी उशिरा होती. ती त्या दिवशीची शेवटची. ती चुकली तर रात्र तिथंच काढून दुसऱ्या दिवशी थेट त्यापुढचा मुक्काम, व्हेनिस, गाठायचं, म्हणजे स्लोव्हेनिया यादीतून गळणार. तोपर्यंत काय खायचं हा प्रश्न होता. रविवार असल्यामुळं गावातली एकूण एक दुकानं बंद होती. काकांनी फलाटावरच्या मशिनमधून वेफरची पाकिटं काढली आणि प्रसाद वाटावा तशी आमच्या हातांत ठेवली.

"हे खात खात गाव पाहू. एक फेरी होते आरामात."

काकूंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांना परत दिलं. स्टेशनासमोर रस्त्यापलीकडं एक जुनं खाणावळवजा हॉटेल होतं. खिडक्यांत लाल फुलं, आत पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं.

"मी तिकडं जातेय," काकू म्हणाल्या. "तुम्ही फेरी मारून या."

त्या निघाल्या. पाय ओढत, रस्त्यावर एकही गाडी नसताना सिग्नलला थांबल्या, हिरवा झाल्यावर गेल्या. काका पाकिटं हातात धरून पाहत राहिले. मी आणि नवरा काकूंच्या मागं गेलो, आणि शेवटी काकाही आले.

आत ॲप्रन घातलेल्या एका वयस्क बाईनं आम्हाला खिडकीजवळचं टेबल दिलं. काकू बसल्या. खुर्ची थोडी मागं-पुढं केली, टेबलावरची चादर तळहातानं सारखी केली, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहू लागल्या. लग्नाच्या पहिल्या पंगतीत बसलेल्या मुलीचा चेहरा असतो ना, तसा.

काका बसेनात. सॅक पाठीवर तशीच ठेवून ते काकूंच्या खुर्चीमागं उभे राहिले, एखाद्या राणीचा अंगरक्षक उभा राहावा तसे. बाईंनी हातानं खुर्ची दाखवली. "आय ॲम फाइन," काका म्हणाले. बाईंनी त्यांना मेन्यू दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि म्हणाले, "आय ॲम फाइन." शेजारच्या टेबलावरचं कुटुंब काटे खाली ठेवून पाहू लागलं.

"काका, बसा हो," मी म्हटलं. "लोकांना वाटतंय तुम्ही आम्हाला पकडून आणलंय."

"तुम्ही खा ना. मी आहे इथं."

"अहो, खर्चाचं काय घेऊन बसलाय," काकू मागं न पाहता म्हणाल्या. "माझ्या पर्समधून देते मी."

"खर्चाचं नाही." काकांनी मेन्यूची घडी उलगडली आणि पुन्हा मिटली. आवाज इतका खाली आला की मला पुढं झुकावं लागलं. "ते बाई येते अन् विचारते ना, काय पाहिजे म्हणून. मले नाही सांगता येत."

त्यांना वाटलं असावं, आता सांगितलंच आहे तर पुढचंही सांगावं.

"पहिली नोकरी लागली तेव्हा ऑफिसच्या लोकांनी जेवाले नेलं होतं. माझ्याच स्वागतासाठी. तिथं मेन्यूतलं काही कळेना. विचारायची लाज वाटली. ती पोरगी वही-पेन घेऊन उभी, सगळे माझ्याकडं पाहून राहिले. मी म्हटलं, शेजाऱ्याले जे तेच द्या. तर हा एवढा मांसाचा तुकडा आला. मी कापत राहिलो. कापून कापून बशीत इकडून तिकडं सरकवत राहिलो. ती पोरगी येऊन येऊन विचारे, सगळं ठीक आहे ना. मी म्हणे, व्हेरी गुड. शेवटी तिनं राहिलेलं डब्यात भरून दिलं. बायकोसाठी न्या म्हणाली."

"कुठाय तो डबा?" काकूंनी विचारलं, जणू कालचीच गोष्ट.

"स्टेशनच्या कचऱ्यात टाकला."

काकू आता खुर्चीत वळल्या होत्या. "त्या दिवशी मी पिठलं-भाकरी केली होती. तुम्ही आलात आणि बूटसुद्धा न काढता काउंटरपाशी उभ्यानंच खाल्लीत. मी विचारलं, काय घाई आहे एवढी. तुम्ही म्हणालात, ऑफिसात काम आहे."

"भूक लागली होती," काका म्हणाले.

"इतकी वर्षं मी माहेरी सांगत आले, माणूस चांगला आहे, फक्त चिकट आहे." काकूंनी बाजूची खुर्ची ओढली. "म्हणजे एका डब्यापायी मी उभी आहे होय. बसा. तुमचं मी सांगते."

काका बसले. आधी कडेवर, सॅकसकट. मग सॅक काढली. बाई आल्या तेव्हा त्यांनी मान खाली घालून चादरीवरची नक्षी बघायला घेतली आणि काकूंनी मोडक्या इंग्रजीत, खुणांनी आणि प्रचंड आत्मविश्वासानं मांस नसलेलं काय काय आहे ते काढून घेतलं. बटाट्याचं सूप आलं. मग पितळी कढईत चीजमध्ये घोळवलेल्या पिठाच्या बारीक गोळ्या आल्या, वर तळलेला कांदा.

"वरणफळं आहेत ही," काकू एक घास खाऊन म्हणाल्या. "वरण विसरलेत, पण चांगली आहेत."

त्या सावकाश जेवल्या. मधेच सवयीनं त्यांचा हात कढईतल्या डावाकडं गेला, आमच्या ताटांत वाढायला, पण बाई आधीच येऊन वाढत होत्या. काकूंनी हात परत घेतला आणि आपल्याला वाढताना त्या बाईंचं मनगट कसं वळतं ते एकटक पाहत राहिल्या. काकांनी पहिले काही घास इतक्या वेगानं खाल्ले की नवऱ्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. हळूहळू त्यांचा वेग उतरला. पाठ खुर्चीला टेकली. एकदा तर त्यांनी भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांबद्दल मत दिलं. अख्ख्या दौऱ्यात एखाद्या प्रेक्षणीय वस्तूबद्दल त्यांनी दिलेलं ते पहिलं मत.

शेवटी सफरचंद घातलेली पापुद्र्यांची पेस्ट्री आली. काकूंनी तिचा एक तुकडा तोडला असेल नसेल, तोच खिडकीबाहेर, समोरच्या स्टेशनात गाडी येऊन उभी राहिली. स्लोव्हेनियाची, शेवटची.

आधी उठल्या त्या काकूच. टेबलाचा आधार घेऊन, अर्धा तुकडा काट्याला तसाच ठेवून, खांद्यावर नसलेली पिशवी चाचपत म्हणाल्या, "चला, चला. धावलं तर मिळेल."

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी खिडकीतून गाडीकडं पाहिलं. सायकलवाले चढत होते, एका डब्यात बऱ्याच जागा रिकाम्या दिसत होत्या. मग त्यांनी काकूंच्या कोपराला हात लावला.

"बस तू. जाऊ दे गाडीले."

"अहो, एक देश जातोय."

"जाऊ दे."

काकू खाली बसल्या. गाडी थोडा वेळ दारं उघडी ठेवून उभी होती, मग सुटली. काकांनी ती डोळ्यांआड होईपर्यंत पाहिली. नंतर घसा साफ केला, हात अर्धवट वर केला, पुन्हा खाली घेतला, पुन्हा वर केला. ॲप्रनवाल्या बाई आल्या. काकांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, ते काकूंकडं वळले.

"आणखी काय पाहिजे तुले?"

काकूंनी मेन्यू मागून घेतला. तो संपूर्ण जर्मनमध्ये होता आणि त्यांना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि वरच्या ओळीपासून, एकेका शब्दाखाली बोट धरत, सावकाश वाचायला घेतलं.